घरसजावटीच्या आयात कापडी मालाचे टॅरिफ वर्गीकरण : नव्या आयातदारांसाठी मार्गदर्शक

चीनमधील शाओशिंगचा कापडबाजार असो वा तुर्कस्तानातील बुर्सा, तेथून घरसजावटीचा माल पहिल्यांदाच मागवणाऱ्या आयातदाराच्या हाती जे प्रोफॉर्मा इन्व्हॉइस पडते, त्यावर पुष्कळदा सगळ्या मालापुढे एकच ओळ असते : ‘होम डेकोर टेक्स्टाइल, ६३०४’. प्रत्यक्ष कंटेनरमध्ये मात्र कुशन कव्हरे, भरलेली कुशने, आयलेट (दांडी ओवण्याच्या कड्या) लावलेले पडदे, पडद्याच्या कापडाचे ताके आणि पलंगाशेजारी टाकायचे छोटे गालिचे असा निरनिराळा माल असतो, आणि भारतीय टॅरिफमध्ये, म्हणजे सीमाशुल्काच्या कोडनिहाय दरसूचीत, या पाचही मालांच्या जागा वेगवेगळ्या आहेत. त्यांतल्या कुठल्या वस्तूची जागा कुठे आणि का, हे माल जहाजावर चढण्यापूर्वी ठरवायला शिकणे हा या लेखाचा विषय आहे.

वर्गीकरणाची जबाबदारी कोणाची, हे आधी स्पष्ट असावे. १९६२ च्या कस्टम्स कायद्याच्या कलम १७ नुसार आयात मालावरील शुल्काचे निर्धारण प्रथम आयातदार स्वतः करतो; अधिकारी ते तपासतो आणि गरज वाटल्यास बदलतो. बिल ऑफ एंट्री (आयात मालाचे घोषणापत्र) आपला कस्टम्स ब्रोकर भरत असला, तरी त्यातील कोडबद्दल उत्तर आयातदारालाच द्यावे लागते. त्यामुळे ‘पुरवठादाराने असाच कोड दिला होता’ किंवा ‘ब्रोकर म्हणाला म्हणून’ ही उत्तरे न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू कस्टम हाऊसमध्ये किंवा अन्यत्र कुठेही उपयोगी पडत नाहीत. पुरवठादाराचा कोड त्याच्या देशातील निर्यातीच्या सोयीने ठरलेला असू शकतो. तो एक सूचना म्हणून वाचावा, त्याहून अधिक वजन त्याला देऊ नये.

कोडची रचना

भारतात टॅरिफ कोड आठ आकडी असतो आणि तो १९७५ च्या कस्टम्स टॅरिफ कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत दिलेला असतो. पहिले दोन आकडे चॅप्टरचे, पुढचे दोन मिळून हेडिंगचे आणि त्यापुढचे दोन सब-हेडिंगचे असतात. हे सहा आकडे ब्रुसेल्स येथील जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या पद्धतीनुसार जवळजवळ साऱ्या जगात समान आहेत. सोलापूरहून परदेशी जाणारा सुती टेरी टॉवेल आणि तुर्कस्तानातील देनिझलीहून आपल्याकडे येणारा तसाच टॉवेल, दोन्ही ६३०२ ६० मध्येच बसतात. शेवटचे दोन आकडे मात्र प्रत्येक देशाचे स्वतःचे असतात. आपल्याकडे ते हातमागाचा माल, विशिष्ट वस्तू किंवा ‘इतर’ अशा भेदांसाठी वापरलेले आहेत. परदेशी कागदावर आठ किंवा दहा आकडे दिसले, तर सहाच्या पुढचे आकडे आपल्या कामाचे नाहीत.

कापड आणि कापडी वस्तू सेक्शन अकरामध्ये, म्हणजे चॅप्टर ५० ते ६३ मध्ये येतात. नवखा माणूस थेट चॅप्टर ६३ उघडतो आणि नावे शोधू लागतो. तसे करण्यापूर्वी टॅरिफच्या सुरुवातीला दिलेले अर्थ लावण्याचे सहा सर्वसाधारण नियम आणि सेक्शन अकराच्या टिपा वाचाव्यात, असे मी आग्रहाने सांगेन. पहिलाच नियम सांगतो की सेक्शन आणि चॅप्टरची शीर्षके केवळ संदर्भासाठी असून, वर्गीकरण हेडिंगचे शब्द आणि संबंधित टिपा यांवरून ठरते. पुढे ज्या चुकांचा उल्लेख येईल, त्यांतल्या बऱ्याचशा टिपा न वाचल्यामुळेच होतात.

आधी वस्तूची माहिती

कोड शोधायला बसण्यापूर्वी प्रत्येक वस्तूचा एक नमुना आणि एक माहितीपत्रक हाती असले पाहिजे. माहितीपत्रकात कापड विणलेले आहे की निटेड, प्रत्येक थरातील तंतूंचे वजनाप्रमाणे प्रमाण, फिलामेंट (अखंड तंतू) की स्टेपल (आखूड तंतू), लव (मखमलीसारखा उभ्या तंतूंचा थर) असल्यास लवेचा आणि पायाच्या कापडाचा तंतू, लेप किंवा लॅमिनेशन, कडा कशा संपवल्या आहेत, आत भरण आहे का व कशाचे, मापे, एका नगाचे वजन आणि पॅकिंगची पद्धत या गोष्टी पुरवठादाराकडून लेखी घ्याव्यात. ‘पॉलिकॉटन’ हे उत्तर स्वीकारू नये, टक्केवारी मागावी.

नमुना स्वतः तपासावा. भिवंडी-इचलकरंजीत ज्याला पिक ग्लास म्हणतात, ते छोटे भिंग यासाठी पुरेसे आहे. कापडाची उलटी बाजू भिंगाखाली धरली की ताणा-बाणा काटकोनात एकमेकांना छेदताना दिसतो किंवा साखळीसारखे फासे दिसतात. पहिले विणलेले कापड, दुसरे निटेड. मखमलीसारख्या दिसणाऱ्या स्वस्त कापडांपैकी बरीचशी वार्प-निटेड (ताण्याच्या धाग्यांनी निट केलेली) असतात आणि समोरून पाहून हे मुळीच कळत नाही. तंतूची प्राथमिक ओळख सुताचा तुकडा जाळूनही पटते : सुती धागा कागद जळल्याच्या वासाने जळून भुरभुरीत राख सोडतो, पॉलिएस्टर आक्रसून वितळते आणि थंड झाल्यावर कडक मणी उरतो. मिश्र धाग्याचे प्रमाण मात्र अशाने कळत नाही. त्यासाठी प्रयोगशाळेचा अहवाल लागतो, आणि तो माल येण्यापूर्वी करून घेणे केव्हाही स्वस्त पडते. मुंबईत प्रभादेवीला मुख्यालय असलेल्या वस्त्र समितीच्या प्रयोगशाळा अशी चाचणी करतात.

प्रश्नांचा क्रम

आता वर्गीकरण. येथे प्रश्न कोणत्या क्रमाने विचारले जातात याला फार महत्त्व आहे, कारण आधीच्या प्रश्नाचे उत्तर ‘होय’ आले की पुढचे काही प्रश्न उरतच नाहीत.

सर्वप्रथम, वस्तूच्या आत भरण आहे का हे पाहावे. सेक्शन अकराची पहिलीच टीप चॅप्टर ९४ मधील वस्तूंना या सेक्शनबाहेर ठेवते. फायबर, कापूस, पिसे किंवा फोम भरलेले कुशन, उशी, पूफ, रजई, दुलई, कम्फर्टर ही सगळी ९४०४ मध्ये जातात. बाहेरचे कापड कितीही नक्षीदार असले तरी त्याने फरक पडत नाही. सहा आकडी पद्धतीच्या २०२२ च्या आवृत्तीपासून रजया, भरलेले पलंगपोस आणि कम्फर्टर यांना ९४०४ ४० हे स्वतंत्र सब-हेडिंग मिळाले आहे. कुशन व उशा ९४०४ ९० मध्येच राहिल्या. म्हणजे एकाच नक्षीचे रिकामे कुशन कव्हर ६३०४ मध्ये आणि तेच भरून आले की ९४०४ मध्ये. पलंगपोसाच्या बाबतीत हीच रेषा अधिक बारीक असते. दोन कापडांमध्ये पातळ वॅडिंग घालून टाके मारलेला पलंगपोस हाताला जवळजवळ साधाच लागतो, म्हणून एका कोपऱ्याची शिवण उसवून आत थर आहे का हे पाहण्याला पर्याय नाही. भरण नसलेला विणलेला पलंगपोस ६३०४ १९ मध्ये जातो, निटेड असल्यास ६३०४ ११ मध्ये.

दुसरा प्रश्न, ती वस्तू गालिचा आहे का. चॅप्टर ५७ ची पहिली टीप सांगते की वापरताना ज्याचा उघडा पृष्ठभाग कापडी असतो असे जमिनीवरचे आच्छादन या चॅप्टरमध्ये येते, आणि त्याचे गुणधर्म असलेली वस्तू दुसऱ्या उपयोगासाठी असली तरी येथेच येते. भिंतीवर टांगण्यासाठी विकला जाणारा किलीम (लव नसलेला सपाट विणीचा गालिचा) म्हणूनच ५७०२ मध्ये राहतो. गाठी मारलेले गालिचे ५७०१, टफ्ट न केलेले विणलेले ५७०२, टफ्टेड (तयार पायाच्या कापडात सुईने धागे टोचून केलेले) ५७०३ असा भेद असून तो ओळखण्यासाठी पाठीमागची बाजू पाहावी : टफ्टेड गालिच्याला बहुधा मागून लॅटेक्स आणि दुसरे जाळीदार कापड चिकटवलेले असते.

तिसरा प्रश्न क्वचितच उद्भवतो. हाताने विणलेल्या गोबेलिन, ओब्युसाँ पद्धतीच्या आणि सुईने भरलेल्या टॅपेस्ट्रींसाठी (चित्रे विणलेल्या वा भरलेल्या कापडांसाठी) ५८०५ हे हेडिंग आहे आणि शिवून तयार केलेल्या असल्या तरी त्या तेथेच राहतात. यंत्रावर जॅकार्ड पद्धतीने विणलेले ‘टॅपेस्ट्री’ वॉल हँगिंग मात्र ५८०५ मध्ये येत नाही. बाजारात येणारा बहुतेक माल याच दुसऱ्या प्रकारचा असतो. भिंतीवरची शोभेची वस्तू म्हणून तो ६३०४ मध्ये पाहावा.

‘मेड-अप’ म्हणजे काय

यानंतरचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो : समोरची वस्तू कापड आहे की तयार वस्तू? चॅप्टर ६३ मध्ये फक्त तयार, म्हणजे ‘मेड-अप’ वस्तू येतात आणि मेड-अप कशाला म्हणावे हे सेक्शन अकराच्या सातव्या टिपेत ठरवून दिलेले आहे. चौकोन किंवा आयत यांखेरीज अन्य आकारात कापलेला माल, मागावरूनच वापरायला तयार होऊन आलेला किंवा फक्त मधले धागे कापून सुटा करायचा राहिलेला माल, दुमडून शिवलेल्या कडांचा किंवा गाठी मारलेल्या झालरीचा माल, शिवून वा चिकटवून जोडलेला माल, आणि आकारानुसार निट केलेला माल हे त्यातले मुख्य प्रकार आहेत. याउलट नुसता आयताकार कापलेला तुकडा मेड-अप होत नाही. कडा उसवू नयेत म्हणून केवळ गरम पात्याने कापलेल्या असतील, तर तेवढ्यानेही तो मेड-अप ठरत नाही.

याचा व्यवहारातला परिणाम मोठा आहे. २८० सेंटिमीटर रुंदीच्या पॉलिएस्टर पडदा-कापडाचा ताका हा पडदा नव्हे. फिलामेंटचे साधे विणलेले कापड असेल तर तो ५४०७ मध्ये, लवदार मखमल किंवा शेनिल (केसाळ धाग्याचे कापड) असेल तर ५८०१ मध्ये, निटेड लव असेल तर ६००१ मध्ये जातो. त्याच कापडाचे अडीच मीटरचे आयताकार तुकडे न शिवता घडी घालून पाठवले तरी ते कापडच राहतात. वरच्या कडेला पट्टी शिवून आयलेट ठोकले की मात्र तो पडदा होतो आणि ६३०३ मध्ये जातो. एक मधली अवस्थाही लक्षात ठेवावी : लांब ताक्याच्या एका कडेला झालर आधीच जोडलेली असेल आणि फक्त हव्या त्या लांबीला कापून कड दुमडली की पडदा तयार होत असेल, तर जागतिक सीमाशुल्क संघटनेच्या स्पष्टीकरणात्मक टिपा असा ताकासुद्धा ६३०३ मध्येच धरतात. या टिपा भारतात कायदा नाहीत. पण १९९५ च्या वूडक्राफ्ट प्रॉडक्ट्स प्रकरणापासून सर्वोच्च न्यायालयाने त्यांना मोठे मार्गदर्शक मूल्य दिले आहे, त्यामुळे त्या हाताशी असणे आवश्यक आहे.

ब्लॅकआउट कापडाबाबत चॅप्टर ५९ ची दुसरी टीप पाहावी. प्लास्टिकचा लेप नुसत्या डोळ्यांना दिसत असेल तरच कापड ५९०३ मध्ये जाते. लेपामुळे केवळ रंग बदललेला दिसणे पुरेसे नाही. तसेच १५ ते ३० अंश सेल्सिअस तापमानात ७ मिलिमीटर व्यासाच्या दांड्याभोवती हाताने वाकवताना तडकणारा माल सहसा प्लास्टिकच्या चॅप्टर ३९ कडे जातो. शॉवरचा पडदा पूर्णपणे प्लास्टिकच्या पत्र्याचा असेल तर ३९२४, विणलेल्या पॉलिएस्टरचा असेल तर ६३०३.

चॅप्टर ६३ मधली निवड

वस्तू मेड-अप ठरली की चार हेडिंगांतून निवड करायची असते. ब्लँकेट आणि प्रवासी शाली ६३०१ मध्ये. पलंगाच्या चादरी, उशांचे अभ्रे, टेबलक्लॉथ, नॅपकिन, टॉवेल आणि स्वयंपाकघरातले कापड ६३०२ मध्ये. पडदे, आतल्या बाजूचे ब्लाइंड्स आणि पडद्याच्या वा पलंगाच्या झालरी ६३०३ मध्ये. आणि उरलेल्या सजावटीच्या वस्तू, म्हणजे कुशन कव्हरे, सोफ्याची सुटी कव्हरे, पलंगपोस, भिंतीवरची हँगिंग्ज, पडदा बांधायचे पट्टे, मच्छरदाण्या या ६३०४ मध्ये. मच्छरदाणी सजावटीच्या वस्तूंत पाहून नव्या माणसाला नवल वाटते, पण तिची जागा तीच आहे.

येथे ६३०२ आणि ६३०४ यांच्यातील सीमा जपून पाहावी. ६३०२ मधला माल सामान्यतः धुवून पुन्हा वापरण्याजोगा असतो. सुती टेबल-रनर ६३०२ मध्ये येतो, परंतु मखमलीचा, लेसचा किंवा जरीच्या ब्रोकेडचा टेबलाच्या मधोमध ठेवायचा तुकडा टेबल लिनन मानला जात नाही आणि तो सहसा ६३०४ मध्ये जातो. नावात ‘रनर’ आहे म्हणून डोळे मिटून ६३०२ लिहू नये.

सणासुदीच्या मालाविषयीही असाच गैरसमज आढळतो. ख्रिसमस ट्री छापलेला टेबलक्लॉथ ९५०५ मध्ये, म्हणजे उत्सवी वस्तूंत जाईल असे वाटते. पण चॅप्टर ९५ ची पहिली टीप उपयुक्त कार्य असणाऱ्या टेबल लिनन, बेड लिनन अशा वस्तूंना तेथून वगळते आणि त्या मूळ पदार्थानुसार वर्गीकृत करायला सांगते. टेबलक्लॉथ ६३०२ मध्येच राहतो.

वापरलेला, ‘व्हिंटेज’ म्हणून विकला जाणारा माल गठ्ठ्यांत येत असेल तर ६३०९ ची, म्हणजे वापरलेल्या कापडी मालाच्या हेडिंगची, टीप जरूर पाहावी. गालिचे आणि टॅपेस्ट्री त्यातून वगळलेल्या आहेत, पण जुने पडदे, पलंगपोस व ब्लँकेट नाहीत. आणि ६३०९ च्या मालाची आयात निर्बंधित आहे.

तंतूचे वजन : एका कुशन कव्हरचे उदाहरण

हेडिंगनंतर सब-हेडिंग. ६३०४ मध्ये पलंगपोस आणि विशिष्ट मच्छरदाण्या सोडून उरलेल्या मालासाठी निटेड असल्यास ६३०४ ९१, निटेड नसलेला सुती ६३०४ ९२, सिंथेटिक तंतूचा ६३०४ ९३ आणि अन्य तंतूंचा ६३०४ ९९ अशी विभागणी आहे. निटेड मालाला तंतूचा प्रश्न सहा आकड्यांपर्यंत पडतच नाही, म्हणून भिंगाची तपासणी आधी करायची.

विणलेल्या मालासाठी सेक्शन अकराची दुसरी टीप आणि दुसरी सब-हेडिंग टीप एकत्र वाचाव्या लागतात. मूळ तत्त्व असे की ज्या तंतूचे वजन इतर कोणत्याही एका तंतूपेक्षा अधिक, पूर्ण वस्तू त्याच तंतूची मानायची. पण त्याला तीन-चार पोटनियम आहेत आणि निकाल तेच फिरवतात.

समजा, १६ इंची चौरस कुशन कव्हर आहे. समोरची बाजू विणलेल्या मखमलीची असून तिचे वजन १०० ग्रॅम आहे. त्यात ६० ग्रॅम पॉलिएस्टरची लव आणि ४० ग्रॅम सुताचे पायाचे कापड आहे. मागची बाजू साध्या सुती कापडाची, ७० ग्रॅम. चेन आणि लेबल १० ग्रॅम. सरळ बेरीज केली तर सूत ११० ग्रॅम आणि पॉलिएस्टर ६० ग्रॅम भरते, आणि पुरवठादार प्रामाणिकपणे ‘मुख्यतः सुती’ असे लिहून मोकळा होतो. परंतु सब-हेडिंग टिपेनुसार, जेथे तिसऱ्या सर्वसाधारण नियमाने (एकाहून अधिक हेडिंगे लागू होऊ शकतात तेव्हाच्या) वस्तूचे वर्गीकरण तिच्या एखाद्या भागावरून ठरते, तेथे तोच भाग विचारात घ्यायचा. कुशन कव्हरला तिचे मुख्य स्वरूप समोरची बाजू देते, कारण गिऱ्हाईक ती पाहूनच वस्तू घेते. त्याच टिपेनुसार पाया आणि लव असलेल्या कापडात पायाचे वजन धरायचे नाही. उरली ती पॉलिएस्टरची लव. कव्हर ६३०४ ९३ मध्ये जाते. हीच मखमल वार्प-निटेड निघाली असती, तर प्रश्न ६३०४ ९१ लाच संपला असता.

भरतकाम केलेल्या कापडाच्या वस्तूंत याच्या उलट विचार आहे. तेथे फक्त पायाचे कापड मोजायचे, भरतकामाचा धागा सोडून द्यायचा. सुती कापडावर रेयॉनच्या धाग्याने कितीही दाट भरतकाम असले तरी पाया दिसत असेल तोवर ती वस्तू सुती मानली जाते.

तिसरे उदाहरण मिश्र धाग्याचे. ४५ टक्के सूत, ३० टक्के पॉलिएस्टर फिलामेंट आणि २५ टक्के व्हिस्कोस स्टेपल असलेले विणलेले कव्हर घेऊ. सुताचा आकडा सर्वांत मोठा दिसतो. मात्र दुसऱ्या टिपेनुसार चॅप्टर ५४ (मानवनिर्मित फिलामेंट) आणि ५५ (मानवनिर्मित स्टेपल) यांची तिसऱ्या चॅप्टरशी तुलना करताना ती दोन्ही मिळून एकच मानायची. मानवनिर्मित तंतू ५५ टक्के होतात, सूत मागे पडते, आणि मग त्या दोघांत पॉलिएस्टर वरचढ असल्याने कव्हर सिंथेटिक, म्हणजे पुन्हा ६३०४ ९३. हे गणित एकदा स्वतः हाताने करून पाहावे; वाचून ते नीट बसत नाही.

संच

बेडशीट आणि दोन अभ्रे एकत्र पॅक असतील तर अडचण नाही, दोन्ही ६३०२ मध्येच आहेत. कम्फर्टर, चादर आणि अभ्रे एका पिशवीत, किरकोळ विक्रीसाठी एकाच संचात असतील, तर नियम ३ (ख) लागू होतो : वेगवेगळ्या हेडिंगांतल्या वस्तू, एका ठरावीक गरजेसाठी एकत्र ठेवलेल्या आणि पुन्हा न बांधता थेट ग्राहकाला विकता येण्याजोग्या असल्या, तर ज्या वस्तूमुळे संचाला मुख्य स्वरूप मिळते तिच्यानुसार सगळा संच जातो. अशा संचात बहुधा कम्फर्टर वरचढ ठरतो आणि संच ९४०४ कडे ओढला जातो. पण कार्टनमध्ये कम्फर्टर आणि चादरी सुट्या भरल्या असतील आणि येथे आल्यावर जुळवायच्या असतील, तर तो संच नव्हे. प्रत्येक वस्तू स्वतंत्र ओळीत दाखवावी लागते. पॅकिंगचा निर्णय ऑर्डर देतानाच का घ्यावा, याचे हे एक चांगले कारण आहे.

शुल्काचा हिशेब

कोड ठरला की टॅरिफमधली ओळ पूर्ण वाचावी. मूळ सीमाशुल्काचा दर काही कापडी मालावर नुसता टक्क्यांत असतो, तर काहींवर ‘इतके टक्के किंवा प्रति चौरस मीटर वा प्रति किलो इतके रुपये, यांपैकी जे अधिक असेल ते’ असा असतो. स्वस्त मालावर रुपयांतला दरच बहुधा लागू पडतो, म्हणून एकूण वजन आणि क्षेत्रफळ इन्व्हॉइसवर असलेच पाहिजे. त्यानंतर त्या दरात सवलत देणारी अधिसूचना चालू आहे का हे सीबीआयसीच्या (केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळाच्या) संकेतस्थळावर पाहावे. मूळ शुल्कावर १० टक्के समाजकल्याण अधिभार असतो आणि मालाचे मूल्य धरून या सर्वांच्या बेरजेवर आयजीएसटी (एकात्मिक जीएसटी). २२ सप्टेंबर २०२५ पासून चॅप्टर ६३ च्या बहुतेक वस्तूंसाठी नगाची किंमत २,५०० रुपयांपर्यंत असेल तर ५ टक्के आणि त्याहून अधिक असेल तर १८ टक्के असा जीएसटी दर आहे. ९४०४ च्या नोंदी वेगळ्या आहेत.

केवळ आकडेमोड समजण्यासाठी मालाचे मूल्य १,००,००० रुपये आणि मूळ शुल्क २० टक्के धरू. शुल्क २०,०००, अधिभार २,०००, आणि १,२२,००० वर ५ टक्के आयजीएसटी ६,१०० रुपये, एकूण २८,१००. आयजीएसटी १८ टक्के लागला तर तो २१,९६० आणि एकूण ४३,९६० रुपये. आयजीएसटीचे क्रेडिट नोंदणीकृत व्यापाऱ्याला मिळते, मूळ शुल्क आणि अधिभार यांचे मिळत नाही. म्हणून विक्रीची किंमत ठरवताना या दोन आकड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहावे.

व्यापारी कराराखालील सवलत घ्यायची असेल, तर मूळ देशाचे नियम त्या त्या हेडिंगनुसार बदलतात. चुकीच्या कोडवर घेतलेले मूळ-देश प्रमाणपत्र २०२० च्या कॅरोटार नियमांखाली (मूळ देशाच्या दाव्याच्या पडताळणीच्या) होणाऱ्या चौकशीत अडचणीत आणते. शिवाय कापडी मालात घातक अझो रंग नसल्याचे जहाजभरणीपूर्व प्रमाणपत्र लागते. ते नसेल तर बंदरावर नमुने काढून चाचणी होते आणि अहवाल येईपर्यंत सीएफएसचे (बंदराजवळच्या कंटेनर गोदामाचे) भाडे चढत राहते.

बिल ऑफ एंट्रीतील वर्णन

२०२० पासून निर्धारण फेसलेस आहे. न्हावाशेवाला उतरलेल्या मालाचे बिल ऑफ एंट्री देशातल्या दुसऱ्याच कस्टम हाऊसमधला अधिकारी तपासू शकतो. त्याला माल दिसत नाही, वर्णन दिसते. ‘कुशन कव्हर, डेकोरेटिव्ह’ एवढ्याने त्याला काहीच कळत नाही आणि तो प्रश्न विचारणारच. त्याऐवजी ‘कुशन कव्हर, न भरलेले, १६ × १६ इंच, समोर विणलेली मखमल, लव १०० टक्के पॉलिएस्टर, पाया सुती, मागे सुती विणलेले कापड, चेन लावलेले’ असे वर्णन इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ एंट्री या तिन्हींत शब्दशः सारखे असावे. ई-संचितवर (कस्टम्सकडे कागदपत्रे ऑनलाइन जोडण्याच्या प्रणालीवर) चाचणी अहवाल आणि माहितीपत्रक आधीच जोडून ठेवावे.

पूर्ण वर्णनाचा दुसरा फायदा अधिक मोलाचा आहे. कमी भरलेल्या शुल्काची मागणी कलम २८ खाली साधारणपणे दोन वर्षांपर्यंत मागे जाऊन करता येते. संगनमत, हेतुपुरस्सर खोटे निवेदन किंवा माहिती दडवणे असेल तर ती मुदत पाच वर्षे होते आणि दंडही जबर असतो. वस्तूचे खरे, संपूर्ण वर्णन देऊन केवळ कोडबाबत मतभेद झाला असेल, तर माहिती दडवल्याचा आरोप टिकवणे विभागाला कठीण जाते. तोकड्या वर्णनाचा बचाव करता येत नाही.

कोडबद्दल खरोखरच शंका असेल, उदाहरणार्थ दोरीच्या गाठींनी केलेल्या मॅक्रमेच्या हँगिंगला मुळात ‘कापड’ म्हणावे की नाही असा प्रश्न पडला असेल, तर आयात करण्यापूर्वीच कलम २८-एच खाली अ‍ॅडव्हान्स रूलिंगचा (आगाऊ निर्णयाचा) अर्ज करता येतो. त्यासाठीची प्राधिकरणे मुंबई आणि दिल्ली येथे आहेत व निर्णय तीन महिन्यांत देण्याची तरतूद आहे. पूर्वी दिलेले निर्णय प्रसिद्ध केलेले असतात. आपल्या वस्तूशी मिळतेजुळते निर्णय वाचून काढणे हा अभ्यासाचा उत्तम मार्ग आहे. नियमित आणि मोठ्या प्रमाणात एकच वस्तू आणणाऱ्याने हा खर्च टाळू नये, असे माझे मत आहे.

माल आल्यावर अधिकाऱ्याने कोड बदलला आणि तो मान्य नसेल, तर तसे लेखी कळवून कलम १७(५) खाली कारणांसह आदेश मागावा. तो आदेश हाती असल्यास ६० दिवसांत आयुक्त (अपील) यांच्याकडे जाता येते. घाईने मान्यता देऊन शुल्क भरले आणि नंतर नुसता परताव्याचा अर्ज केला, तर तो टिकत नाही. निर्धारणाचा आदेश अपिलात किंवा कायद्यातील अन्य योग्य मार्गाने बदलून घेतल्याशिवाय परतावा नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये आयटीसीच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे. माल अडकून भाडे वाढू नये म्हणून कलम १८ खालील तात्पुरत्या निर्धारणाची मागणीही करता येते.

प्रत्येक वस्तूच्या फाइलमध्ये नमुना, माहितीपत्रक, चाचणी अहवाल, लागू केलेल्या टिपांचे क्रमांक आणि निवडलेल्या कोडचे कारण अर्ध्या पानात लिहून ठेवावे, आणि ती फाइल निदान पाच वर्षे जपावी. अर्थसंकल्पानंतर दर आणि आठ आकडी ओळी बदललेल्या असू शकतात, म्हणून दर फेब्रुवारीत ती पुन्हा तपासावी. सहा आकडी पद्धतीची पुढची आवृत्ती १ जानेवारी २०२८ पासून लागू होणार आहे. त्या तारखेच्या आसपास पोहोचणाऱ्या मालाची ऑर्डर देताना जुन्या आणि नव्या कोडांची जुळणी करणारा तक्ता पाहून मगच करारात कोड लिहावा.